बिअरचा देश बघायला जा, पण हिशेब घरूनच करून जा

परदेश सहलींचे सध्या पेव फुटले आहे. पूर्वी शिरूर-दौंडकडचा माणूस फार तर काशी-रामेश्वर करून यायचा. आता मुले रांजणगाव, कुरकुंभ, चाकणच्या कारखान्यांत नोकरीला लागली, त्यांतली काही कंपनीच्या कामानिमित्त युरोपात जाऊन आली आणि त्यांनी आईवडिलांनाही पासपोर्ट काढून दिले. चाकणला स्कोडा-फोक्सवॅगनचा कारखाना आहे आणि स्कोडा मूळची झेक देशातली. त्यामुळे 'झेक' हे नाव आपल्या भागात पूर्वीइतके परके राहिलेले नाही. त्यातूनच सहलीचा एक नवा प्रकार हल्ली माझ्या कानावर येऊ लागला आहे, तो म्हणजे बिअरची सहल. आज या गावची बिअर, उद्या त्या गावची, असा आठवडाभराचा कार्यक्रम आखायचा आणि त्याला 'तिथली संस्कृती बघणे' असे नाव द्यायचे.

मध्यंतरी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. मधुमेहाची गोळी चालू, रक्तदाबाचीही चालू. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही चौघे मित्र झेकला जायचं म्हणतोय. तिकडची बिअर म्हणे औषधी असते. चालेल ना मला?" त्यांनी माझ्याकडे उत्तरासाठी पाहिले, तोच वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, यांना तुम्हीच काय ते सांगा. घरात कुणाचं ऐकत नाहीत."

'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे एका शब्दात सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण असे विचारणारे ते एकटे नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. झेक देशातले बिअरचे कसब बघण्यासारखे आहे आणि ते बघायला जाण्यात गैर काही नाही. परंतु बिअर ही दारूच आहे. तिचा हिशेब किती ग्लास झाले यावर करायचा नसतो, पोटात किती ग्रॅम अल्कोहोल गेले यावर करायचा असतो, आणि तो विमानात बसण्यापूर्वी करायचा असतो.

तिथे बघण्यासारखे काय आहे?

बिअर कशी होते हे आपल्याकडच्या गृहिणीला चटकन समजेल. आपण नाचणीचे सत्त्व करतो तेव्हा नाचणी भिजवतो, तिला मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. मोड आल्यावर धान्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. बिअरसाठी हेच जवाला करतात. मोड आणून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून कोमट-गरम पाण्यात मुरवले की गोड पाणी मिळते. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात आणि निवल्यावर यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व वायू तयार करते. आपल्याकडे उसाच्या मळीपासून स्पिरिट होते तेव्हा आंबवल्यानंतर ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल तीव्र केले जाते. बिअरमध्ये ही पुढची पायरी नसते, एवढाच फरक. हॉप ही वेल वनस्पतिशास्त्राप्रमाणे भांगेच्या कुळातली आहे, पण तिच्यात भांगेची नशा नाही.

पिल्सेन या गावची गोष्ट मजेदार आहे. तिथली बिअर इतकी नासू लागली की १८३८ साली लोकांनी पिंपेच्या पिंपे गावच्या चौकात ओतून दिली. मग नागरिकांनी मिळून स्वतःचा कारखाना उभारला आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. त्याने १८४२ साली तिथल्या मऊ पाण्यातून, फिकट माल्टमधून आणि झाटेत्स भागातल्या हॉपमधून सोनेरी, स्वच्छ बिअर तयार केली. आज जगभर, आपल्याकडेही, विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिवळ्या बिअरचे मूळ तिथे आहे. झाटेत्स आणि तिथला हॉपचा परिसर २०२३ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवला. प्रागमध्ये 'उ फ्लेकू' ही मद्यशाळा आपला इतिहास १४९९ पासून सांगते. साखर कारखाना सहकारातून कसा उभा राहतो हे पाहिलेल्या आपल्या माणसाला पिल्सेनच्या नागरिकांचा कारखाना बघून आनंदच होईल.

आता लक्षात घ्या, यातले सगळे डोळ्यांनी बघता येते, नाकाने हुंगता येते. त्यासाठी रोज चार ग्लास रिचवावे लागत नाहीत. तमाशाचा फड बघायला गेलेल्याने फेटे उडवलेच पाहिजेत असे थोडेच आहे?

बारा अंश म्हणजे बारा टक्के नव्हे

झेक बिअरवर दहा, अकरा, बारा असे अंश लिहिलेले असतात. आपला माणूस ते वाचून एक तर घाबरतो, नाही तर खूश होतो. हे अंश अल्कोहोलचे नाहीत. आंबवण्यापूर्वी त्या गोड पाण्यात माल्टमधून किती अंश उतरला होता, त्याचे ते माप आहे. दहा अंशी बिअरमध्ये साधारण ४ टक्के आणि बारा अंशी बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असते.

आता हिशेब करू. तिथला मोठा ग्लास अर्ध्या लिटरचा असतो. ५ टक्के बिअरचा अर्धा लिटर म्हणजे २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे २० ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्की-रमचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घेतला तर त्यातही सुमारे २० ग्रॅमच अल्कोहोल असते. म्हणजे झेक बिअरचा एक मोठा ग्लास बरोबर व्हिस्कीचा एक मोठा पेग. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे समीकरण भिंतीवर लिहून ठेवावे.

पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. पुणे-सोलापूर किंवा पुणे-नगर रस्त्यावरच्या बारमध्ये जी 'स्ट्राँग' बिअर खपते, तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकते. तिची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजेच दोन मोठे पेग. मग लोक म्हणतात, तिकडचे लोक पाण्यासारखी पितात आणि त्यांना काही होत नाही. एक तर ते पितात ती आपल्या स्ट्राँगपेक्षा सौम्य. दुसरे म्हणजे, काही होत नाही हे खरे नाही. त्याकडे पुढे येतो.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळू शकते. चहा-कॉफी, गार पाण्याची अंघोळ, लिंबू यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. संध्याकाळी चार मोठे ग्लास घेतले तर ८० ग्रॅम झाले. ते जिरायला आठ ते अकरा तास लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची मोटार घेऊन पुढच्या गावाला निघणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल असतेच. आपल्याकडे वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. बिअरच्या या देशात मात्र चालकाला काहीही सूट नाही, मर्यादा शून्य आहे. मला विचाराल तर झेक लोकांकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

मूतखडा आणि बिअर

आपल्या भागात मूतखड्याच्या रुग्णाला पहिला सल्ला डॉक्टर देत नाही, पारावरचा मित्र देतो: "दोन बिअर मार, खडा पडून जाईल." यात सत्याचा अंश एवढाच की बिअरने लघवी जास्त होते. काही पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांना मूतखडे कमी झालेले आढळले हेही खरे आहे. पण भरपूर लघवी होण्यासाठी पाणी पुरेसे असते आणि पाण्याने यकृत बिघडत नाही. शरीरात पाणी धरून ठेवणारे जे संप्रेरक असते ते अल्कोहोल दाबून टाकते, म्हणून सुरुवातीला लघवीला जोर येतो आणि नंतर शरीर कोरडे पडते. खडा मोठा असेल, तो नळीत अडकला असेल, तर वरून लघवीचा जोर वाढवल्याने कळा वाढतात. शिवाय बिअरमुळे युरिक अॅसिड वाढते. ज्यांचे खडे युरिक अॅसिडचे आहेत, ज्यांना पायाच्या अंगठ्याला सूज येऊन गाऊटचा त्रास होतो, त्यांच्यासाठी हे औषध रोगच वाढवणारे आहे.

तसेच झेक देशात काही ठिकाणी बिअरच्या टबात बसवून स्नान घालतात. गंमत म्हणून ठीक आहे. पण त्याने संधिवात बरा होतो असे कुणी सांगितले तर पैसे मोजण्यापूर्वी विचार करा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने गरम पाण्यात बसून वर बिअर पिणे म्हणजे चक्कर येऊन पडण्याला आमंत्रण.

कुणी थेंबही घेऊ नये?

मधुमेहाचे पहिले सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना बिअर घेतली, वर फिरण्याच्या नादात जेवण लांबले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. एरवी साखर कमी झाली की यकृत साठ्यातली आणि नव्याने तयार केलेली साखर रक्तात सोडते. अल्कोहोल जाळण्यात गुंतलेल्या यकृताला ही नवी साखर नीट तयार करता येत नाही. मग घाम, थरथर, बरळणे, तोल जाणे आणि शेवटी बेशुद्धी. ही सगळी लक्षणे नशेसारखीच दिसतात. सोबतचे मित्र म्हणतात, "याला जरा जास्त झाली," आणि खोलीत नेऊन झोपवतात. सकाळी तो उठतोच असे नाही. बिअर गोड लागत नाही म्हणून साखर वाढणार नाही, एवढाच विचार लोक करतात. वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त आहे, हे लक्षात ठेवा.

ज्यांना कावीळ होऊन यकृत कमजोर झाले आहे, सोनोग्राफीत यकृतावर चरबी सांगितली आहे, क्षयाचे औषध चालू आहे, फिट्स येतात, रक्त पातळ करणारी किंवा झोपेची गोळी चालू आहे, त्यांनीही हात लावू नये. गर्भवतीने तर अजिबात नाही. प्रवासात जुलाब झाले की आपले लोक पिशवीतली मेट्रोनिडॅझोलची गोळी काढतात. ती चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू घेऊ नये.

आणि ज्यांनी मुक्तांगणसारख्या केंद्रात उपचार घेऊन, घरच्यांच्या साथीने दारू सोडली आहे, त्यांनी या सहलीला जाऊच नये. "मी नुसता बघेन" हे त्यांचे बोलणे मनापासूनचे असते, यात शंका नाही. पण वास, फेस आणि मित्रांचा आग्रह यांची ताकद मोठी असते. बिनअल्कोहोलची बिअरही त्यांनी टाळावी, कारण चव तीच असते आणि चवच जुनी वाट दाखवते. अशा मित्राला सोडून जायला मन होत नसेल तर सगळ्यांनीच दुसरा देश निवडावा. यालाच मैत्री म्हणतात.

सहल आखायचीच तर

निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. रक्तातील साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, रक्तदाब एवढे तरी बघून घ्या. गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा आधीच लिहून घ्या. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण पॉलिसीतला बारीक मजकूर वाचा. मद्याच्या अमलाखाली झालेल्या अपघाताचा खर्च बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत. तिथे रुग्णवाहिकेसाठी १५५ आणि कुठल्याही संकटात ११२ हे क्रमांक चालतात.

दिवसाला एकच कारखाना ठेवा, तोही जेवण झाल्यावर. पिल्सेनच्या तळघरांत भर उन्हाळ्यातही गारठा असतो आणि जिने चढावे-उतरावे लागतात. दमेकऱ्यांनी स्वेटर आणि गुडघेदुखीवाल्यांनी काठी न्यावी. एका दिवसाआड पूर्ण कोरडा दिवस ठेवा. त्या दिवशी किल्ले, नद्या, हॉपचे मळे बघा. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी दहा अंशी बिअरचा लहान ग्लास मागावा. तो ३०० मिलिलिटरचा असतो आणि त्यात ९ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाते. प्रत्येक ग्लासामागे तेवढेच पाणी प्या. जेवणात डुकराचे मांस, तळलेले चीज, मैद्याचे गोळे यांचा भरणा असतो. त्यावर बिअर म्हणजे वजन आणि चरबी दोन्हींची सोय.

तिथल्या जुन्या धाटणीच्या मद्यशाळांत एक पद्धत आहे. वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि दर ग्लासामागे तिच्यावर एक रेघ मारतो. आपल्याकडे दुधाच्या रतिबाच्या खुणा कॅलेंडरवर करतात तशी. ग्लास संपत आला की न विचारताही दुसरा येऊ शकतो, तेव्हा पुरे झाले की तसे स्पष्ट सांगावे लागते. ही रेघांची चिठ्ठी मला फार उपयोगाची वाटते. आपला माणूस किती झाली हे विसरतो, रेघ विसरत नाही. एका रेघेसमोर मनात २० ग्रॅम लिहायचे आणि दुसरी रेघ पडण्यापूर्वी उठायचे.

संस्कृती कशाला म्हणायचे?

आता त्या 'काही होत नाही'कडे येतो. १९९३ सालापासून दरमाणशी बिअर पिण्यात झेक देश जगात पहिला आहे. हे प्रमाण वर्षाला सव्वाशे लिटरांच्या आसपास आहे, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला रोज एक तृतीयांश लिटर. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा देश बराच काळ युरोपात वरच्या क्रमांकावर होता. याला बिअर एकटी कारण नाही. मांसाहार, लठ्ठपणा, तंबाखू हेही आहेत. पण अल्कोहोलमुळे तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य पहिल्या गटातील कर्करोगकारक ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. आपल्याकडे तर तंबाखू आणि मिसरीची जोड आहे. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो.

म्हणून मला 'संस्कृती' हा शब्द खटकतो. दारू पिण्याला दारू पिणे म्हटले की माणूस मर्यादेत राहतो, घरचेही टोकू शकतात. तिला संस्कृती म्हटले की पिणे हे कर्तव्य होते आणि टोकणारा अडाणी ठरतो. हे काही फक्त झेक देशापुरते नाही. पुण्यात २००९ पासून ताजी बिअर तिथेच करून देणाऱ्या जागा निघाल्या. आपल्या दौंड तालुक्यात रोटीच्या माळावर द्राक्षाची वायनरी उभी राहिली. नाशिककडे द्राक्षमळ्यांच्या सहली निघतात. शेतमालाला भाव मिळतो, हाताला काम मिळते, ते मी नाकारत नाही. पण याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. तीही आपली संस्कृतीच आहे आणि ती नवऱ्यांच्या मारहाणीतून आणि उपाशी चुलींतून आली आहे. सहलीच्या छापील पत्रकात तिला जागा नसते.

तरुणांच्या पालकांना एक सांगणे आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, झेक देशात १८. "तिकडे चालते" म्हणून बारावी झालेल्या पोराच्या हाती बापाने कौतुकाने ग्लास देऊ नये. कायदा देशाप्रमाणे बदलतो, पोराचा मेंदू सीमा ओलांडली म्हणून मोठा होत नाही. आणि ज्याने आजवर कधी घेतली नाही, त्याने केवळ तिथे गेलो म्हणून सुरुवात करण्याचे कारण नाही. न पिणाऱ्याने न पिताच परत यावे. त्याने काहीही गमावलेले नसते.

त्या निवृत्त गृहस्थांना मी जा म्हणालो. मधुमेहाची गोळी चालू आहे तोवर बिअर नाही, एवढी अट घातली. पिल्सेन बघा, झाटेत्सचे मळे बघा, जव-हॉपचा वास घ्या, मित्र पितील तेव्हा तुम्ही साधे पाणी मागा, आणि त्यांच्या चिठ्ठीवरच्या रेघा मोजायचे काम तुमच्याकडे घ्या, असेही सांगितले. शुद्धीवर असलेला एक तरी माणूस प्रत्येक सहलीला लागतोच.

तेव्हा मंडळी, सहलीची यादी करताना कपडे, चिवडा, लोणचे यांच्या खाली आणखी दोन ओळी लिहा. पहिली, माझ्या गोळ्या कोणत्या. दुसरी, माझे ग्रॅम किती. दुसऱ्या ओळीत डॉक्टरांनी शून्य लिहिले असेल तर ते शून्य घेऊनच विमानात बसा.